हेरॉइन सुटतच नाही? आधी सॅम्पल बघा

"एकदा हेरॉइन लागलं की माणूस संपला" हे वर्षानुवर्षं ऐकतोय, पण यात मोठा घोळ सॅम्पलिंगचा आहे, म्हणजे अभ्यासाला माणसं कुठून निवडली याचा. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये व्हिएतनामहून अमेरिकेत परतलेले सैनिक निवडले, दवाखान्यातून नाही तर लष्कराच्या रेकॉर्डवरून, मग सुमारे ९०० जणांच्या मुलाखती घेतल्या, वर लघवीची टेस्ट पण, नुसतं तोंडी कोण खरं सांगणार! व्हिएतनाममध्ये असताना सैनिकांपैकी जवळपास २० टक्के व्यसनी झाले होते, त्यातले परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा अडकले फक्त ५ टक्के. उपचार केंद्रात मात्र परत परत येणारेच जास्त दिसतात, सुटलेले कशाला फिरकतील तिकडे? अर्थात या सैनिकांचं सगळं वातावरणच बदललं होतं, म्हणून हा आकडा उचलून कुठेही चिकटवू नका.