घरातले फोटो अंगणात का निघायचे

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घराचा अल्बम काढला की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. १९७० च्या आसपासचे जवळजवळ सगळे फोटो अंगणात, माळवदावर नाहीतर उंबरठ्यावर काढलेले. बारसं आतल्या खोलीत झालं, पण फोटोत बाळ अंगणातल्या बाजेवर. घरात तेव्हा आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याला बनणारा हा साधा कॅमेरा एका रोलवर १२ चौकोनी फोटो काढायचा. भिंग बारीक, शटरचा वेग ठरलेला. आतल्या अंधारात त्याला काही टिपता यायचं नाही, मग माणसांनाच उजेडात यावं लागायचं.

खरं तर फोटोग्राफी जन्मली ती घराच्या खिडकीतच. फ्रान्समध्ये १८२६-२७ च्या सुमारास निएप्सने आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरून समोरची छपरं टिपली. पत्र्यावर डांबराचा लेप होता आणि चित्र उमटायला कित्येक तास लागले. १८३५ मध्ये इंग्लंडात टॅलबटने आपल्या घरातली जाळीची खिडकीच कागदी निगेटिव्हवर घेतली. दोघंही घरातच शिकत होते.

मग १८५१ मध्ये आर्चरची ओल्या काचेची पद्धत आली. काचेला रसायन लावायचं आणि ते ओलं आहे तोवर फोटो काढून तिथेच धुवायचाही. इतका पसारा कोण घरात मांडणार? फोटो स्टुडिओत गेला. चांगल्या स्टुडिओला काचेचं छप्पर असे, किंवा उत्तरेकडे मोठी काच. थेट ऊन न येता दिवसभर एकसारखा मऊ उजेड मिळावा म्हणून. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी हलक्या सावलीत, हे वळण तिथून आलं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते १८८८ साल. अमेरिकेत ईस्टमनने १०० फोटोंचा रोल भरूनच कोडॅक कॅमेरा विकायला काढला. रोल संपला की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही करू, अशी त्यांची जाहिरात होती. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा घरोघरी गेला. पण बटण दाबणारा आणि फोटो घडवणारा, ही दोन माणसं वेगळी झाली ती कायमची. घरच्या फोटोचं शिक्षण तिथेच अडलं, असं माझं ठाम मत आहे. क्लिक थ्रीवाल्यांना निदान उजेड तरी शोधावा लागे. पुढे फ्लॅश असलेले ऑटोमॅटिक कॅमेरे आले, सगळे आत येऊन बसले आणि चेहरे भाकरीसारखे सपाट दिसू लागले. मोबाइल तर एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. पण उजेड कुठल्या बाजूने यावा, ते त्याच्या हाती नाही.

ते शिकायला आपल्याकडे सामान भरपूर आहे. सोलापुरी चादर खिडकीजवळ पसरा. खिडकीकडे पाठ करून फोटो काढलात तर वीण दिसणारच नाही. उजेड आडवा पडू द्या, प्रत्येक धागा उठून येईल. माणसाच्या चेहऱ्याचंही तसंच. सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला पांढरा टॉवेल धरा. तोही सोलापूरचाच, आणि चादरीसारखंच त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. फार जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसतं. दोन पावलं मागे या.

उत्तरेच्या खिडकीचा जुना नियम मात्र इथे डोळे झाकून पाळू नये. सोलापूर कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येतं. तेव्हा पातळ पांढरा पडदा लावावा.

अल्बममधला आजीचा उंबरठ्यावरचा फोटो मी पुन्हा पुन्हा बघते. मागे घराचा अंधार, समोरून अंगणाचा उजेड, सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. गेल्या महिन्यात त्याच उंबरठ्यावर आईला बसवलं. सकाळचे साडेआठ, मोबाइल छातीच्या उंचीवर, फ्लॅश बंद. अकरा फोटो काढले. आईने चौथा ठेवून घेतला.