लिनक्स विंडोजच्या ड्राइव्हवर लिहायला नकार का देतो?

विंडोजवर वापरलेली हार्ड डिस्क लिनक्सच्या संगणकाला जोडली. फोल्डर दिसले, फोटोही उघडले. पण नवी फाइल ठेवायला गेलं, की 'रीड-ओन्ली' असा संदेश येतो. मग आपण परवानग्या तपासतो, रूट होऊन (म्हणजे सगळे अधिकार घेऊन) बघतो, केबल बदलतो. बहुतेक वेळा यांपैकी कशातच दोष नसतो. डिस्कवरचा हिशेब अर्धवट राहिलेला असतो आणि लिनक्सच्या ते लक्षात आलेलं असतं.

डिस्कला स्वतःला फाइल म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तिच्याकडे असतात फक्त ५१२ किंवा ४०९६ बाइटचे क्रमांक दिलेले कप्पे. कुठल्या कप्प्यांत कुठली फाइल आहे, हे सांगणारी वही म्हणजे फाइल सिस्टिम. विंडोजची वही आहे एनटीएफएस. ती १९९३ साली विंडोज एनटी ३.१ बरोबर आली. तिच्या मुळाशी एमएफटी नावाचा मोठा तक्ता असतो आणि त्यात प्रत्येक फाइलची, सहसा १०२४ बाइटची, नोंद असते. फाइल अगदीच छोटी असली तर तिचा मजकूरही त्या नोंदीतच मावतो. वेळ मोजायची रीतसुद्धा वेगळी: एनटीएफएस १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या हिश्श्यांत मोजतं, तर लिनक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सुरू होतं. ड्रायव्हर हा दोन वह्यांमधला दुभाष्या असतो आणि अशा शेकडो बारकाव्यांचं भाषांतर त्याला करावं लागतं.

लिनक्सच्या विकासकांना या वहीची संपूर्ण अधिकृत माहिती हाती नव्हती. डिस्कवरचे बाइट तपासत त्यांनी रचना उलगडली. वाचणं लवकर जमलं, पण लिहिणं अवघड होतं, कारण वाचताना चूक झाली तर एखादी फाइल उघडत नाही, लिहिताना झाली तर अख्खी डिस्क हातची जाते. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, जुना ड्रायव्हर म्हणूनच लिहिण्याच्या बाबतीत हात आखडता घेत असे. २००७ साली एनटीएफएस-३जी स्थिर झाला आणि लिहिण्याची भरवशाची सोय झाली. तो कर्नलच्या बाहेर, फ्यूज या यंत्रणेतून चालतो. प्रत्येक विनंतीला कर्नलमधून बाहेर येऊन परत जावं लागतं, त्यामुळे वेग काहीसा कमी पडतो. पुढे पॅरागॉन सॉफ्टवेअरने लिहिलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर २०२१ च्या ऑक्टोबरात लिनक्स ५.१५ मध्ये थेट कर्नलमध्ये आला.

ड्रायव्हर इतके चांगले झाले, तरी नकार येतोच. त्याचं कारण समजायला जर्नल समजून घ्यावं लागतं. हिशेबात आधी रोजकीर्दीत नोंद होते, मग ती खतावणीत चढते. एनटीएफएसचं जर्नल ही तशीच रोजकीर्द. फाइलींचा मजकूर त्यात नसतो, रचनेतले बदल असतात. मध्येच वीज गेली तर ही रोजकीर्द बघून हिशेब जुळवता येतो. ड्राइव्ह नीट बंद न होता उपसली गेली, तर तिच्यावर 'अस्वच्छ' अशी खूण राहते. ती दिसली की एनटीएफएस३ लिहिण्यासाठी ड्राइव्ह माउंट करत नाही, म्हणजे वापरासाठी जोडून घेत नाही.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. 'शट डाउन' दाबल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजच्या कर्नलची स्मृती एका फाइलीत साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे विंडोज बंद झालेलं नसतं, झोपलेलं असतं, आणि डिस्कवर काय कुठे आहे याची झोपण्यापूर्वीची कल्पना त्याच्या स्मृतीत तशीच असते. समजा, मधल्या काळात लिनक्सने एका मोकळ्या जागेत तुमचे फोटो ठेवले. विंडोज जागं होतं, त्याच्या लेखी ती जागा अजून मोकळीच असते आणि तिथे ते दुसरंच काही लिहून टाकतं. फोटो गेले, आणि तेव्हा पडद्यावर एक शब्दही येत नाही. म्हणून मला हा नकार अडवणूक वाटत नाही. ती आपल्या डेटाची राखण आहे.

इंटरनेटवर यावर 'फोर्स' करून माउंट करण्याचा किंवा झोपेची फाइल पुसण्याचा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून तो पहिला उपाय म्हणून वापरू नका. फाइल पुसली की विंडोजने जपून ठेवलेली अवस्था कायमची जाते. 'एनटीएफएसफिक्स'ही नावावरून वाटतं तेवढं करत नाही: काही मूलभूत विसंगती दुरुस्त करतं, जर्नल रिकामं करतं आणि पुढची तपासणी विंडोजवर सोपवतं. खरा इलाज विंडोजमध्येच आहे. तिथे जाऊन 'रीस्टार्ट' करा (त्यात पूर्ण बंद होणं असतं), किंवा शिफ्ट दाबून शट डाउन करा. दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर असतील तर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा. 'अस्वच्छ' खूण असेल तर 'चेकडिस्क' चालवा.

एवढं झालं की उरलेलं सोपं आहे. ड्राइव्ह दर वेळी आपोआप माउंट व्हायला हवी असेल, तर 'एफएसटॅब' या माउंटच्या यादीच्या फाइलीत तिची नोंद यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने करा, कारण लिनक्स देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं बदलू शकतात. 'नोफेल' हा पर्याय जोडला, तर ड्राइव्ह नसतानाही संगणक सुरू होताना अडत नाही. 'विंडोज_नेम्स'ही जोडावा, असं मी आवर्जून सांगेन: लिनक्सला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम चालतो, विंडोजला चालत नाही, आणि हा पर्याय तशी नावं देऊ देत नाही.

दोन्हीकडे फिरवायचा पेन ड्राइव्ह असेल तर एक्सफॅट ही फाइल सिस्टिम बरी. फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिममध्ये एक फाइल ४ जीबीपर्यंत पोहोचू शकत नाही. एक्सफॅटमध्ये ती अडचण नाही आणि २०१९ अखेरच्या ५.४ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्येच त्याची सोय आहे. मात्र त्याला रोजकीर्द नसते, म्हणून अनमाउंट केल्याशिवाय तो उपसू नका.