बाहेरकाठा कोणाचा? खारेपाट आणि चढत्या समुद्राची पार्श्वभूमी

बिघ्यामागे एक मण भात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, अडीचशे वर्षांपूर्वी समुद्र अडवण्याचा हा दर होता.

आंग्र्यांच्या अमदानीत, साधारण १७५५ ते १७८० या काळात, ऐपतदार मंडळींनी खाड्यांच्या कडेने मातीचे बांध घातले आणि भरतीखाली जाणारी खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनी, भाताखाली आणली. या मंडळींना शिलोत्रीदार म्हणत. खाडीकडचा मोठा बांध, म्हणजे बाहेरकाठा, त्यांनी राखायचा. आतले बांध कुळांनी. सरकारच्या शेतसाऱ्याशिवाय कूळ जो मण देई, तो या बाहेरकाठ्याच्या राखणीचा. समुद्र चढतोय ही आजची बातमी समजून घ्यायची तर मला हा मण फार महत्त्वाचा वाटतो. बांधाचे पैसे कोण देणार आणि बांधावर उभं कोण राहणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

खारबंदी चालते ती उघाडीवर. बांधात बसवलेली ही झडप भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पाऊस मातीतलं मीठ धुतो, ते पाणी उघाडीतून खाडीत जातं, आणि मग काळा रता तरारतो. खाऱ्या मातीला न डरणारा हा इथला जुना भात. बांधाचे वैरीही ठरलेले: खेकड्यांची बिळं, बोटींच्या लाटा आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण. बोटभर बीळ रात्रीतून मोठं होतं आणि सकाळी ओरड होते, खांड गेली, म्हणजे बांध फुटला! मग एका बंदिस्तीतले, म्हणजे एकाच बांधाआड शेती असलेले, सगळे शेतकरी, त्यांची जोळ, टोपल्या-फावडी घेऊन चिखलात उतरायची. खांड पुढच्या भरतीच्या आत बुजवायची. उशीर झाला तर नुसतं उभं पीक जात नाही. मातीत मीठ बसतं आणि ते धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. अशा शेतात फाल्गुनात गेलात तर भेगाळलेल्या ढेकळांवर पांढरा थर दिसतो आणि पायाखाली तो करकरतो.

विसावं शतक उजाडलं तेव्हा खोत-सावकारांना देणं देऊन कुळाच्या हाती फारसं काही उरत नव्हतं. २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकरी नेते नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातल्या चरीसह २५ गावांनी जमीन कसायचं थांबवलं, आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. याच काळात, १७ सप्टेंबर १९३७ ला, डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. पुढे कूळकायदा आला आणि जमीन कसणाऱ्याची झाली. हा विजय मोठा होता, त्याला गालबोट लावायची इच्छा नाही. पण शिलोत्रीदार गेला तेव्हा बाहेरकाठ्याचा धनी कोण, हा प्रश्न मागे राहिला. १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि नंतर १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा यांनी तो सरकारकडे नेला. काही बांध सरकारी योजनेत आले, काही खासगीच राहिले. जोळ मात्र सैल पडत गेली. बांध सरकारचा म्हटल्यावर टोपली कोण उचलणार? शिवाय हाताशी माणसं कुठे होती; ती मुंबईला, कारखान्यांत गेलेली. निविदा निघेपर्यंत खांड काही थांबत नाही.

आता समुद्राकडे वळू. उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटरने वाढत होती. १९९३ ते २०१५ मध्ये हा वेग ३.३ मिलिमीटरवर गेला. आकडा ऐकून माणूस खांदे उडवतो. उघाडीपाशी उभं राहिलं की तो वेगळा वाटतो. खाडी जितकी वर, तितका ओहोटीला उघाडी उघडी राहण्याचा वेळ कमी. म्हणजे समुद्राला बांध ओलांडायचीही गरज नाही. तो बाहेरून दार धरून बसला की आतलं पावसाचं पाणी आतच तुंबतं. आणि पाऊस हल्ली कोसळतो तो थोड्या तासांत.

पेण तालुक्यातलं गणेशपट्टी हे गाव खाऱ्या पाण्यापायी उठलं. निसर्ग वादळासारखी ही एका दिवसाची आपत्ती नव्हती, ३ जून २०२० अशी तारीख सांगता येईल असं काही घडलं नाही. एक खांड बुजली नाही, मग रुंद झाली, मग पुढचं शेत गेलं, मग विहीर. पंचनामा होतो तो एका हंगामाच्या पिकाचा. पुढच्या नापीक वर्षांना त्यात रकाना नाही.

आणि एक विचित्र गाठ आहे. खांडीतून पाणी आत खेळू लागलं की काही वर्षांत शेतात कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, उभं राहतं. कांदळवन किनारा राखतं, म्हणून २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या तोडीवर बंदी घातली, आणि ते योग्यच झालं. पण ज्याचं शेत बांध फुटल्याने कांदळवन झालं, त्याला आता बांध पुन्हा घालायचा तर आधी परवानग्यांच्या मागे फिरावं लागतं. सातबाऱ्यावर नाव त्याचंच राहतं. शेतात मात्र भरतीला होडी चालते.