थंडी आभाळातून कोसळत नाही

जानेवारीतली रात्र. नाशिक जिल्ह्यात, निफाडजवळ मामांच्या मळ्यात मुक्कामाला होतो. जेवणं आटोपल्यावर मामेभावाच्या पोरांनी टीव्हीवर ‘द डे आफ्टर टुमॉरो’ लावला, हिंदी डबिंगचा. २००४ साली आलेला, पृथ्वीचं हवामान काही दिवसांत उलटंपालटं करून टाकणारा सिनेमा. न्यूयॉर्कमध्ये समुद्र घुसला तेव्हा पोरं गोधडीत तोंड खुपसून ओरडत होती. शहर गोठायला लागलं तोवर मामा खुर्चीतच घोरायला लागले होते. त्यांना पहाटे चारला उठायचं होतं, थंडीपासून वाचवायला द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला.

त्या सिनेमात एक जागा अशी आहे की थोडंफार भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला तिथे स्वस्थ बसवत नाही. अवाढव्य वादळाच्या पोटातून खूप उंचावरची गोठवणारी हवा थेट जमिनीवर येते. हेलिकॉप्टरमधलं इंधन गोठतं, माणसं उभ्या उभ्या बर्फाची होतात, पारा उणे १०० अंशांपर्यंत उतरतो. (पृथ्वीच्या पाठीवर हवामान केंद्रात नोंदलेलं सर्वात कमी तापमान उणे ८९.२ अंश आहे, अंटार्क्टिकातल्या व्होस्टोकचं, १९८३ मधलं.) गंमत अशी, की सिनेमातलंच एक पात्र नेमकी शंका काढतं: खाली येताना ही हवा तापायला नको का? उत्तर मिळतं, तापायला हवी खरी, पण ती इतक्या वेगाने उतरतेय की तापायला वेळच मिळत नाही.

शंका अगदी बरोबर. उत्तर अगदी उलटं.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं. हवा दाबली की ती तापते, तिला बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. आणि पंप सावकाश मारला तर तो फारसा तापत नाही, कारण उष्णता निघून जायला सवड मिळते; भराभर मारला की जास्त तापतो. आभाळातही हेच घडतं. दहा किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम पाव असतो. तिथली हवा खाली आणली तर ती दाबली जाते आणि दर किलोमीटरला साधारण ९.८ अंशांनी तापत जाते. म्हणजे वरची उणे ५० अंशांची हवा खरोखरच झपाट्याने न्यूयॉर्कवर उतरवली असती, तर ती ५० अंशांच्या आसपास तापून पोहोचली असती. न्यूयॉर्कवर हिमयुग राहिलं बाजूला, अकोल्याचा मे महिना कोसळला असता! खऱ्या चक्रीवादळाच्या डोळ्यात, म्हणजे मधल्या शांत भागात, हवा खाली उतरते आणि म्हणूनच तो डोळा भोवतालापेक्षा उबदार असतो.

याचा पडताळा घ्यायला नाशिककराला प्रयोगशाळा लागत नाही, जिल्ह्याचा नकाशा पुरतो. कोकणातून आलेली दमट हवा कसाऱ्याचा घाट चढते, चढताना पसरते, गार होते आणि इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओतते. मग तीच हवा पूर्वेकडे उतरते. उतरताना दाबली जाते, थोडी तापते, कोरडी पडते. सिन्नर, येवल्याच्या वाट्याला पाचशेच्या आसपास उरतात. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात हवेचं चढणं आणि उतरणं अख्ख्या पीकपद्धतीवर लिहिलेलं आहे: इकडे भात, तिकडे बाजरी.

चारला मामांचा मोबाइल वाजला. बाहेर चिटपाखरू नव्हतं, वारा नावाला नव्हता आणि आभाळ इतकं स्वच्छ की चांदण्या टोचत होत्या. थंडीसाठी हेच लागतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडे फेकत राहते. ढग असले तर ते त्यातली बरीचशी परत पाठवतात. नसले तर ती निघून जाते. जमीन आधी गार होते, मग तिला चिकटलेली हवा. गार हवा जड, त्यामुळे ती खोलगट शिवारात साचते, बांधाच्या आत पाणी साचावं तशी. मामांच्या खालच्या प्लॉटमध्ये दरवर्षी वरच्या प्लॉटपेक्षा थंडीचा मार जास्त बसतो, त्याचं कारण हे.

छाटणीच्या जुन्या काड्या आणि उसाचं पाचट पेटवलं. धूर सात-आठ फूट वर गेला आणि थबकला. मग आडवा पसरला, मांडवावर कुणी करड्या रंगाची चादर अंथरावी तसा. कारण त्या थराच्या वरची हवा खालच्या हवेपेक्षा उबदार होती. एरवी वर जावं तसं गार होत जातं; अशा रात्री जमिनीलगत नेमकं उलटं होतं. दुसरीकडे मामेभावाने ठिबक सुरू केलं. विहिरीच्या पाण्यातून वाफा निघत होत्या. त्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, म्हणून पहाटे ते कोमट लागतं आणि मातीला थोडी ऊब देतं. एवढा खटाटोप दोन-तीन अंशांसाठी. तेवढे नाही मिळाले तर मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेले, म्हणजे पिकायला लागलेले, मणी तडकतात.

परदेशात, कॅलिफोर्निया किंवा न्यूझीलंडच्या द्राक्षबागांमध्ये, अशा रात्री उंच खांबांवरचे मोठाले पंखे फिरवतात. वरची उबदार हवा खाली ओढून बाग वाचवायची, एवढंच त्यांचं काम. सिनेमात वरची हवा माणसं मारते. शेतकरी पैसे मोजून तीच खाली आणतो.

तरीही या सिनेमाला सरसकट खोटं ठरवायला मी तयार नाही. त्याचा पाया खरा आहे. अटलांटिक महासागरात खारं, कोमट पाणी उत्तरेकडे वाहत जातं, तिथे गार होऊन जड होतं, बुडतं आणि खोलातून दक्षिणेला परततं. हा प्रवाह सेकंदाला सुमारे पावणेदोन कोटी घनमीटर पाणी वाहून नेतो, जगातल्या सगळ्या नद्यांच्या एकत्र प्रवाहाच्या दहापटीहून जास्त. ग्रीनलंडचं बर्फ वितळून गोडं पाणी त्यात मिसळलं की वरचं पाणी हलकं होतं आणि बुडायला नाखूश होतं. प्रवाह मंदावतो. हा सिनेमा आला त्याच वर्षी, २००४ मध्ये, २६.५ अंश उत्तर अक्षांशावर तो सलग मोजायला उपकरणांची साखळी टाकली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे या शतकात प्रवाह मंदावणं जवळजवळ ठरलेलं आहे. २१०० च्या आत तो एकाएकी बंद पडणार नाही, असं समिती मध्यम खात्रीने म्हणते. ‘मध्यम खात्री’ हे शब्द कुठल्याच सिनेमाच्या पोस्टरवर येणार नाहीत.

सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्ध असाच अचानक गारठला होता. भूगर्भशास्त्रात ‘अचानक’ म्हणजे काही दशकं. सिनेमाने त्यांचे काही दिवस केले. हे मला माफ आहे, दोन तासांत दशकं कोण दाखवणार? खटकतं ते वेगळंच. प्रवाह कोलमडला तर आशियाचा मान्सून दुबळा होईल, हे त्याच अहवालात आहे. पडद्यावर मात्र मुख्यतः न्यूयॉर्क गोठतं. नाशिकचं गंगापूर धरण कोरडं पडलेलं दाखवायला कुणी पैसे घातले नाहीत.

पुराचंही तेच. सिनेमातला पूर म्हणजे इमारतींएवढी भिंत. अशी भिंत कधी कधी खरंच येते: २०१३ मध्ये केदारनाथला वरचं तळं फुटून आली, २०२१ मध्ये चमोलीत खडक आणि बर्फाचा कडा कोसळून आली. पण नाशिकला गोदावरीचा पूर वेगळ्या चालीने येतो. धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज येतो, नदीकाठच्या रामकुंडाभोवतीचे टपरीवाले सामान हलवतात, आणि गावभर एकच विचारणा सुरू होते: दुतोंड्या मारुतीला, म्हणजे नदीपात्रातल्या उंच मूर्तीला, पाणी कुठवर लागलं? गुडघा, कंबर, छाती, गळा. १९६९, २००८, २०१६, २०१९, प्रत्येक पुराची आठवण या मूर्तीच्या अंगावर मोजलेली आहे. सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा ही पट्टी बरी, कारण ती सगळ्यांना वाचता येते.

समजा ४० हजार क्युसेकचा विसर्ग आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हिशोब केला तर दर सेकंदाला अकराशे टनांहून जास्त पाणी गोदावरीवरच्या होळकर पुलाखालून जातं. दिसायला मात्र ते नुसतं गढूळ, सपाट, वाहतं पाणी. त्यात भिंत नाही, गर्जना नाही, म्हणून लोक मुलांना खांद्यावर घेऊन बघायला जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. वाहतं पाणी वीतभर खोल असलं तरी माणसाचे पाय सुटू शकतात, दोन फुटांत मोटार तरंगते. सिनेमांनी धोक्याची जी प्रतिमा डोक्यात बसवलीय, ती इथे घात करते. लाट दिसली नाही म्हणजे अजून वेळ आहे, असं वाटत राहतं.

केरळच्या महापुरावरचा ‘२०१८’ हा मल्याळी सिनेमा मला म्हणूनच आवडला. तिथे पाणी उंबऱ्यावर येतं, मग पलंगाच्या पायाला लागतं, मग माणूस माडीवर जातो. धरणाचे दरवाजे उघडतात, मच्छीमार होड्या घेऊन येतात. नाटक त्यातही भरपूर आहे, पण पाणी पाण्यासारखं वागतं.

जे खरोखर चाललंय ते मात्र कुठल्याच कॅमेऱ्याला फारसं कामाचं नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. समुद्र वर्षाला चारेक मिलिमीटर चढतो. पृथ्वीवरचं सगळं बर्फ वितळलं तरी तो सत्तरेक मीटरच चढेल. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा गोदावरीच्या गंगाघाटावर चौपाटी होण्याची आशा कुणी धरू नये. नोव्हेंबरातली एक गारपीट सिनेमा होत नाही, बातमी होते. तिसऱ्यांदा झाली की बातमीही आतल्या पानावर जाते.

साडेसातला ऊन वर आलं, जमीन तापायला लागली आणि धुराची चादर हळूहळू फाटून वर गेली. मामा थर्मामीटर बघून आले. साडेचार अंश. चहा घेताना त्यांनी विचारलं, “काय झालं रं शेवटी त्या शिनेमात?”

“शहर गोठलं, मामा. उणे शंभर.”

“मंग वाचले कसे?”

“लायब्ररीत अडकले होते. पुस्तकं जाळत बसले.”

मामांनी बशी खाली ठेवली. “म्हंजी शेकोटीच की,” म्हणाले, आणि काड्यांचा भारा आणायला उठले.