एक जीन काढला आणि वाद मिटला, पण पूर्ण नाही

ई. कोलाय, साल्मोनेला, कॉलराचा जंतू, या सगळ्यांच्या बाहेरच्या आवरणात एक पदार्थ असतो, लिपोपॉलिसॅकराइड, सगळे त्याला एलपीएसच म्हणतात. जंतू मेला तरी हा पदार्थ तेवढाच घातक राहतो. १८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या रिचर्ड फायफर यांनी हे कॉलऱ्याच्या जंतूवर दाखवलं, गरम करून मारलेले जंतू टोचले तरी गिनीपिग मरायचे. रक्तात एलपीएस वाढलं की ताप येतो, बीपी कोसळतं, किडनी वगैरे अवयव एकेक करून बंद पडायला लागतात, आयसीयूमधला सेप्टिक शॉक बरेचदा असाच सुरू होतो. आणि यात एलपीएस स्वतः फारसं काही करत नाही बरं का, आपल्याच पेशी त्याला ओळखतात आणि टीएनएफसारखी रसायनं इतकी सोडतात की शरीराला ती झेपत नाहीत. मग पेशीला ते कळतं कशावरून, तो सेन्सर नेमका कुठला, या प्रश्नाला शंभरहून जास्त वर्षं लागली आणि उत्तर दिलं उंदरांनी.

पहिला धागा हाती लागला तो योगायोगाने. अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाच्या गावी जॅक्सन लॅबोरेटरी आहे, जगभरच्या लॅबना उंदीर पुरवणारी. तिथला सी३एच/एचईजे नावाचा एक वाण असा निघाला की बाकीचे उंदीर ज्या डोसने मरतात तो टोचला तरी याला काहीच होत नाही, १९६५ मध्ये हे लक्षात आलं. म्हणजे याच्यात कुठलातरी जीन बिघडलेला होता. तो शोधायला डॅलसमध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या टीमने पाच वर्षं घालवली, हजारो पिल्लांच्या वंशावळी तपासत चौथ्या क्रोमोझोमचा एकेक तुकडा चाळत गेले, आणि डिसेंबर १९९८ मध्ये अलेक्झांडर पोल्टोराक आणि बॉयटलर यांचा पेपर आला की जीन टीएलआर-४ आहे, डीएनएतलं एक अक्षर बदललंय आणि त्यामुळे प्रोटीनमध्ये ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन बसलंय. बस, एवढंच. तेवढ्याने सेन्सर बहिरा.

टीएलआर म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर. टोल हा मुळात फळमाशीतला जीन, १९९६ मध्ये स्ट्रासबर्गला ब्रुनो लमेत्र आणि ज्यूल्स हॉफमन यांनी दाखवलं होतं की तो बिघडलेल्या माशा बुरशीच्या संसर्गाने पटापट मरतात, आणि पुढच्याच वर्षी मेद्झितोव्ह आणि जेनवे यांना माणसात त्याचा भाऊबंद सापडला.

पण १९९८ मध्येच दुसरा दावाही आला होता, तोही मोठ्या जर्नल्समध्ये, की एलपीएसचा सेन्सर टीएलआर-४ नाही तर टीएलआर-२ आहे. प्रयोग बशीत वाढवलेल्या पेशींवर केलेला, टीएलआर-२ घातला की पेशी एलपीएसला प्रतिसाद देतात, आकडे स्पष्ट. आता कोणाचं खरं मानायचं? बिघडलेल्या वाणाबद्दल कोणीही म्हणू शकतं की त्यात आणखीही चार जीन बदललेले असतील. अशा वेळी एकच मार्ग उरतो, मुद्दाम तोच एक जीन मोडायचा आणि बाकी सगळं तसंच ठेवून पूर्ण जनावर वाढवायचं. हाच नॉकआउट उंदीर.

तो बनवायची जुनी पद्धत खूप चिकाटीची आहे. १२९ नावाच्या खाकी वाणाच्या भ्रूणातल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते त्या, घ्यायच्या, हव्या त्या जीनच्या मधोमध एका मारक औषधापासून पेशीला वाचवणारा दुसरा जीन खुपसायचा, मग ते औषध घालायचं म्हणजे ज्या पेशींनी तो घेतला त्याच जगतात, आणि त्यातूनही बरोबर जागी बसलेल्या मोजक्याच निघतात. त्या पेशी काळ्या वाणाच्या साडेतीन-चार दिवसांच्या भ्रूणात सोडायच्या आणि ते उंदरीच्या गर्भाशयात ठेवायचं. जन्मलेली पिल्लं चट्टेरी असतात, थोडी काळी थोडी खाकी, आणि जितका खाकी भाग जास्त तितकी लॅबमध्ये आशा जास्त. त्यांचं काळ्या उंदरांशी प्रजनन केलं की काही पिल्लं पूर्ण खाकी येतात, म्हणजे स्टेम सेलचा वंश पुढे गेला. मग प्रत्येक पिल्लाच्या शेपटीचं टोक कापून डीएनए जेलवर चालवायचा, एक पट्टा दिसतो की दोन ते बघायचं, एक प्रत मोडलेले नर-मादी एकत्र ठेवायचे आणि पुढच्या पिढीत साधारण चारातलं एक पिल्लू दोन्ही प्रती मोडलेलं मिळतं. याच तंत्रासाठी कॅपेकी, इव्हान्स आणि स्मिथीस यांना २००७ चं नोबेल मिळालं.

जपानमध्ये शिझुओ अकिरा यांच्या लॅबने हे दोन्ही जीनसाठी केलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला. साध्या उंदराला एलपीएस टोचलं की तो कोपऱ्यात आक्रसून बसतो, केस पिंजारतात, अंग गार पडतं. टीएलआर-४ नसलेल्याला तसं काही झालं नाही, त्याच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशींनी टीएनएफ जवळजवळ सोडलंच नाही. टीएलआर-२ नसलेला उंदीर मात्र एलपीएसला व्यवस्थित प्रतिसाद देत होता, तो गप्प राहिला तो स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंच्या आवरणातल्या पदार्थांना. आधीच्या प्रयोगांत गडबड होती ती बाटलीत, विकतच्या एलपीएसमध्ये जंतूंची लिपोप्रोटीन्स मिसळलेली होती आणि टीएलआर-२ त्यांना ओळखत होतं. अकिरांनी नंतर टीएलआर-९, टीएलआर-७ असे एकेक सेन्सर याच रीतीने सोडवले, आपल्याकडे लाखो लोकांनी घेतलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये टीएलआर-७ आणि ८ ला जागं करणारा घटक आहे, त्यामागे हेच काम आहे. २०११ चं नोबेल बॉयटलर, हॉफमन आणि स्टाइनमन यांना मिळालं, ते योग्यच, पण अकिरांचं नाव त्यात नसणं मला आजही पटत नाही.

कोणाला वाटेल की सेन्सर नसणं चांगलंच मग. तसं नाही. सी३एच/एचईजे उंदराला जिवंत साल्मोनेला दिले तर अगदी थोड्या जंतूंनीही तो दगावतो. शत्रू आल्याचं कळलंच नाही तर लढणार कोण.

आणि आता नॉकआउटनेच सगळ्यांना कसं फसवलं ते. १९९५ मध्ये कॅस्पेस-१ नावाच्या एन्झाइमचा नॉकआउट उंदीर तयार झाला, तो एलपीएसच्या जबर डोसातून वाचायचा, म्हणून सोळा वर्षं सगळे लिहीत राहिले की शॉकला कॅस्पेस-१ जबाबदार. २०११ मध्ये जेनेंटेक या औषध कंपनीतल्या कायागाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या उंदरात कॅस्पेस-११ पण नाही! स्टेम सेल ज्या १२९ वाणाच्या होत्या त्या वाणातच कॅस्पेस-११ मुळात मोडलेला आहे, आणि दोन्ही जीन एकमेकांना इतके चिकटून की कितीही पिढ्या काळ्या उंदरांशी प्रजनन करा, ते सोबतच येतात. कॅस्पेस-११ परत घातला तेव्हा उंदीर पुन्हा मरायला लागले. खरा दोषी तो होता.

त्यातूनच २०१३ मध्ये त्याहून मोठी गोष्ट कळली. टीएलआर-४ नसलेल्या उंदराला आधी दुसऱ्या एका सेन्सरमार्फत चेतवलं आणि मग एलपीएस टोचलं, तर तोही मेला, आणि कॅस्पेस-११ नसलेला वाचला. म्हणजे टीएलआर-४ बाहेरून बघतो आणि पेशीच्या आत शिरलेलं एलपीएस पकडायला कॅस्पेस-११ हा वेगळाच सेन्सर बसलाय. माणसात ते काम कॅस्पेस-४ आणि कॅस्पेस-५ करतात.