ताल, गायरान, पाचट: पुणे जिल्ह्यातल्या मातीची पार्श्वभूमी

मातीचा कस पुन्हा उभा करणाऱ्या शेतीला 'रीजनरेटिव्ह शेती' म्हणतात. हे नाव १९८० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट रोडेल यांच्यामुळे रूढ झालं. त्यांचे वडील जे. आय. रोडेल सेंद्रिय शेतीकडे वळले ते अल्बर्ट हॉवर्ड यांच्या लिखाणातून. हॉवर्ड यांची कंपोस्टची पद्धत बसली इंदूरला, १९२४ ते १९३१ या काळात, आणि त्यावरच्या १९३१ च्या पुस्तकावर त्यांच्या जोडीला यशवंत वाड यांचं नाव आहे. म्हणजे आज अमेरिकेहून आलेला वाटणारा विचार इंदूरच्या शेणमुताच्या खड्ड्यातून निघाला आहे. पुणे जिल्ह्यात तर जमीन नापीक होत असल्याची तक्रार त्याच्याही पन्नास वर्षं आधी कागदावर आली होती.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जमीन नापीक का होते याचं उत्तर थेट दिलं आहे. डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांची घाण पावसाबरोबर वाहून शेतात यायची, ते खत बंद झालं. जंगलखात्याने डोंगर, पडीक जमिनी आणि गायरानं ताब्यात घेतली, त्यामुळे जनावरं कमी झाली आणि शेणही कमी झालं. उपायही ते सांगतात: सरकारने रिकाम्या शिपायांकडून ठिकठिकाणी तालीवजा (उतारावर माती-पाणी अडवणारे) बंधारे बांधून घ्यावेत, पाणी आधी शेतात मुरावं आणि मग ओढ्याला जावं, आणि साठलेला गाळ शेतकऱ्यांना परत मिळावा. आजच्या पाणलोटाच्या कामांचा गाभा हाच आहे. माती शेताच्या बांधाच्या आत सुधारत नाही, तिची नाळ डोंगराशी आणि गायरानाशी असते, हे त्यात इतकं स्पष्ट आहे की पुढच्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना तोच मुद्दा पुन्हा पुन्हा समोर येतो.

ही नाळ कशी होती ते नीट पाहायला हवं. पुरंदर, शिरूर, दौंड, बारामती हा अवर्षणाचा पट्टा. खरिपात बाजरी, तिच्या ओळींमध्ये तूर, मटकी, हुलगा. रब्बीत शाळू, करडई, हरभरा. आधीच्या पिकाने जमिनीत जे ठेवलं त्याला 'बेवड' म्हणतात, आणि हरभऱ्याचा बेवड चांगला हे इथल्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नव्हतं. द्विदल पिकाच्या गाठींतला नत्र, खोल गेलेल्या तुरीच्या मुळांनी पाडलेली छिद्रं आणि गळलेला पाला, हे सगळं त्या एका शब्दात येतं. बाजरीचं सरमाड जनावरांना, जनावरांचं शेण उकिरड्यावर आणि तिथून शेतात. वावर पिकलं नाही तर ते पड ठेवत.

चक्रातला दुसरा धागा धनगरांचा. दसरा-दिवाळीनंतर पूर्वेकडचे वाडे, म्हणजे धनगर कुटुंबांचे तांडे, मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणाकडे जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. वाटेत मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवायची आणि दर रात्री जागा सरकवायची. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे द्यायचा. हे खत उकिरड्यातल्या खतापेक्षा सरस ठरायचं, कारण लेंडीबरोबर मूतही थेट मातीत जायचं, आणि जनावराने बाहेर टाकलेल्या नत्राचा मोठा वाटा मुतात असतो. उन्हात पडून राहिलं तर त्यातला अमोनिया हवेत उडतो, म्हणून मेंढरं उठली की लगेच उथळ कुळवणी करून लेंडी झाकायची. चुका दोनच होतात. ओल्या काळ्या रानात कळप बसवला तर खुरांनी जमीन आवळते, तेव्हा वाफसा येण्याआधी, म्हणजे जास्तीची ओल ओसरण्याआधी, बसवायचा नाही. आणि कळप वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आला असेल तर तिचं बी शेतात उगवतं. हल्ली बागाईत वाढलं, मोकळी रानं उरली नाहीत, वाटा बंद झाल्या आणि हा व्यवहार आटला. जिथे शक्य आहे तिथे तो पुन्हा जुळवावा, यासारखं स्वस्त खत दुसरं नाही.

कुरणांची शिस्तही जुनी आहे. पेशवाईत घोडदळासाठी कुरणं राखली जात. मारवेल, पवना, डोंगरी ही गवतं पहिल्या पावसात फुटतात. तेव्हाच चारली तर मुळांतला साठा संपतो आणि पुढच्या वर्षी त्या जागी कुसळी येते, जी वाळल्यावर जनावर तोंडात धरत नाही. बी गळेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरपर्यंत, रान राखायचं आणि मग कापायचं किंवा चारायचं. आज जगभर पाळीपाळीने चारण्याचं जे तंत्र शिकवलं जातं त्याचा नियमही हाच आहे: चाराईपेक्षा विश्रांतीचा काळ महत्त्वाचा. मात्र राखण एकट्याने होत नाही. गावाने एकत्र पाळलं तरच कुरण राहतं.

पश्चिमेकडे मावळ, मुळशी, भोरची गोष्ट वेगळी. तिथे भाताचं रोप राबावर वाढवायचं: फांद्या, पाला, शेण आणि वर माती असे थर देऊन जमीन भाजायची. तण मरतं, राखेतून पालाश मिळतं, रोप जोमदार येतं. पण त्यासाठी झाडं ओरबाडली जातात आणि जो पाला कुजून मातीत गेला असता तो धूर होतो. यावर चांगला तोडगा डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्रीने दिला. भाताचा पेंढा आणि तुसाची राख शेतालाच परत द्यायची. लावणीआधी गिरीपुष्पाचा पाला, हेक्टरी ३ टन, चिखलणीत गाडायचा. रोपं १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावायची. आणि चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. गोळी वरच राहिली तर सगळा फायदा जातो. खोल, हवा नसलेल्या चिखलात नत्र टिकतो, वर राहिला तर उडतो किंवा वाहून जातो.

चक्र तुटायला कालव्यांनीही हातभार लावला. १८८० च्या आसपास खडकवासल्याचं पाणी खेळू लागलं आणि १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. खोल काळ्या जमिनीला उतार कमी आणि निचरा मंद, त्यात पाण्याची आकारणी क्षेत्रावर. भरपूर पाणी देण्यात कुणाचंच नुकसान दिसत नव्हतं. भूजल वर चढलं, त्याबरोबर क्षार वर आले, आणि पंचवीस वर्षांच्या आत नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनी हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या अभ्यासाचा विषय झाला. चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या, जमिनीचं दुखणं आजही तेच आहे आणि उपचारातली चूकही तीच: चर न काढता जिप्सम टाकणं. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणावरचा सोडियम सोडवतं, पण त्याला बाहेर जायला वाट नसेल तर तो तिथेच राहतो. म्हणून आधी निचऱ्याचे चर. मग माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम वरच्या थरात मिसळायचं, मग गोड्या पाण्याने धुवायचं आणि मग धैंचा हे हिरवळीचं पीक पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडायचा. या क्रमात फिरवाफिरव चालत नाही.

त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये सरासरी धारण, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, ४० एकर होती, १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली, त्यातले ४६३ तुकडे एकराहून लहान. हे आकडे अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात, पण मातीच्या बाजूने त्यांचा अर्थ वेगळा आहे. पाच ठिकाणी पसरलेल्या तुकड्यांना शेणखताची बैलगाडी पोचत नाही. ती घराजवळच्या वावरात रिकामी होते आणि लांबचं वावर दरवर्षी नुसतं देत राहतं. पड ठेवणं तर अशा धारणेला परवडतच नाही. त्या गावाच्या जागी आज इमारती आहेत.

पुण्याजवळच्या मांजरी गावात १९२३ मध्ये जिराईत शेतीचं संशोधन सुरू झालं. ना. वि. कानिटकरांनी तिथे आणि १९३३ पासून सोलापुरात जी पद्धत बसवली तिच्यात बांधबंदिस्ती, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणं, रुंद ओळी आणि वरचेवर कोळपणी होती. तर्क पक्का होता: पाणी अडवा, रोपं मोजकी ठेवा, वरचा थर भुसभुशीत ठेवून भेगा बुजवा. पण कष्टाच्या मानाने उत्पादन थोडंच वाढायचं आणि शेणखत मिळायचं नाही, म्हणून ती फारशी पसरली नाही. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याने बांधांचा भाग सरकारी कार्यक्रमात आला. सेंद्रिय पदार्थाचा भाग मात्र मागेच राहिला, आणि आमच्या मते इथेच मोठी संधी गेली.

कारण पुढे युरिया आला. त्याने बाजी का मारली हे समजून घेतल्याशिवाय त्याला नावं ठेवणं बरोबर नाही. आजच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २१ किलो. तेवढाच नत्र अर्धा टक्का नत्र असलेल्या शेणखतातून द्यायचा तर ४ टन लागतं, आणि त्यातलाही थोडाच भाग पहिल्या वर्षी पिकाला मिळतो. ४ टन भरणं, वाहणं, पसरणं आणि एक पोतं डोक्यावर नेणं, यात निवड कुणीही तशीच केली असती. पण पोत्यातून कर्ब येत नाही. जनावरं घटली, पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवलं जाऊ लागलं आणि मातीतला जुना साठा खर्च होत गेला.

१९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे दोन कामं या जिल्ह्यात उभी राहिली. पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून देवस्थानच्या ४० एकर जमिनीवर पाणी आणि माती अडवण्याचे प्रयोग केले आणि त्यातून पाणी पंचायत आली. पाणी जमिनीवर न मोजता माणसांवर मोजायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा २० टक्के भाग लाभधारकांनी घालायचा. उसाची बंदी कठोर वाटते, पण नीरेच्या खोऱ्याचा अनुभव समोर असताना हाच नियम मातीलाही वाचवणारा होता. दुसरं काम उरुळी कांचनच्या बाएफचं. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या संकरित गाईंमुळे जनावर गोठ्यात आलं आणि शेण एका जागी जमू लागलं. दुधाचा पैसा घरात आला ही मोठी गोष्ट. पण गोठ्यातल्या गाईला हिरवा चारा लागतो, तो पाण्यावर पिकतो, आणि जमलेलं शेण पुष्कळदा ट्रॉलीने विकून दुसऱ्याच्या बागेत जातं.

आता उसाच्या रानात काय करता येतं त्याबद्दल. एका एकरातून ३ ते ४ टन पाचट निघतं. तोडणीनंतर ते सरीत दाबून बसवायचं, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटायचे. पाचटात कर्ब फार आणि नत्र कमी, त्यामुळे कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि खोडवा (बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडतो. पाचट ठेवून बघितलं आणि पीक बसलं, असं सांगणाऱ्यांची गफलत बहुतेक इथे असते. म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून लगेच पाणी द्यायचं. बगला, म्हणजे सरीच्या बाजू, नांगराने फोडायच्या नाहीत. रासायनिक खत पाचटावर न फेकता पहारीने द्यायचं: बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल, ३० सेंटिमीटरला एक भोक. पहिला हप्ता १५ दिवसांच्या आत, दुसरा १३५ दिवसांनी.

जीवामृताबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. सुभाष पाळेकर यांच्यामुळे घरोघरी पोचलेल्या या मिश्रणात २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती असते. १० किलो ताज्या शेणात नत्र जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. सुरू उसाला (हिवाळ्यात लागण होणाऱ्या) नत्राची शिफारस एकरी सुमारे १०० किलो आहे. जीवामृत म्हणजे विरजण. दूध असेल तर दही लागेल. पाचट, पाला, हिरवळीचं पीक शेतात नसेल तर विरजण कशाला लागणार?

सेंद्रिय कर्ब किती हळू वाढतो तेही मोजता येतं. वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये एकरी साधारण ८ लाख किलो माती असते. कर्ब ०.४ वरून ०.५ टक्के करायचा तर ८०० किलो कर्ब टिकून राहायला हवा, आणि आपल्या उन्हात टाकलेल्या कर्बाचा बहुतेक भाग वर्षभरात हवेत जातो. म्हणून एका हंगामानंतर अहवाल बदलला नाही तर निराश होऊ नये. नमुना दरवेळी त्याच महिन्यात, त्याच वावरातून, 'व्ही' आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा करून घ्यावा. खत टाकल्यावर लगेच किंवा बांधाकडेला घेतलेला नमुना फसवतो.

या सगळ्याला पाच-सात वर्षं लागतात, आणि पुण्याच्या परिघात आज मोठी अडचण त्याचीच आहे. हवेली, मुळशी, खेडमधली बरीच जमीन विकली जाईपर्यंत थांबलेली आहे आणि तोवर वर्षाच्या खंडाने कसली जाते. पुढच्या जूनमध्ये हेच वावर आपल्याकडे असेल की नाही हे माहीत नसलेला माणूस पाचट पेटवतो, कारण त्याला लवकर रान मोकळं करून भाजी लावायची असते. खंडाचा करार पाच वर्षांचा करणं, त्यात बांध आणि शेणखताचा खर्च मालकाने अर्धा उचलणं, अशा अटी दोन कुटुंबं आपसांत ठरवू शकतात. त्यासाठी कोणतीही योजना लागत नाही.