'ड्रायव्हर लोड होत नाही' असा मेल करण्याआधी एवढं वाचा

आमच्या कार्डांच्या लिनक्स पॅकेजमध्ये दोन मॉड्यूल (कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, चढवायचे कोडचे तुकडे) येतात, एक कोअर, म्हणजे सगळ्या कार्डांचा सामाईक कोड, आणि एक तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर, आणि बरेच जण त्यातली फक्त ड्रायव्हरची केओ (मॉड्यूलची) फाइल उचलतात आणि थेट इनस्मॉड ही मॉड्यूल चढवायची कमांड मारतात. मग 'अननोन सिम्बॉल इन मॉड्यूल' (सिम्बॉल म्हणजे इथे फंक्शनचं नाव) येतं आणि आम्हाला मेल येतो की ड्रायव्हर खराब आहे. खराब नाहीये हो. इनस्मॉड तुम्ही दिलेली तेवढी एकच फाइल कर्नलकडे सरकवतो, तिला अजून कोण लागतं हे तो बघतच नाही. डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या संदेशांची यादी, उघडा, शेवटी न सापडलेल्या फंक्शनचं नाव दिसेल आणि पुढे कंसात एरर उणे २, म्हणजे ते फंक्शन आत्ता कुणीच एक्स्पोर्ट केलेलं (इतरांना वापरायला खुलं केलेलं) नाही, कारण कोअर चढलेलाच नाही.

दोन्ही फाइली चालू कर्नलच्या मॉड्यूल फोल्डरमध्ये टाका, एकदा डेपमॉड चालवा आणि मग मॉडप्रोब, त्याला फक्त मॉड्यूलचं नाव द्यायचं, पाथ नाही आणि डॉट केओ पण नाही (निम्मे लोक इथे अडकतात). डेपमॉड सगळ्यांचे सिम्बॉल जुळवून मॉड्यूल्स डॉट डेप ही कोणाला कोण लागतं याची यादी लिहितो, त्यात आमची ओळ शोधा, डावीकडे ड्रायव्हर, मग कोलन, मग कोअर. मॉडप्रोब तीच ओळ वाचून कोअर आधी चढवतो. आमची इन्स्टॉल स्क्रिप्ट हे सगळं स्वतः करते, प्लीज तीच वापरा. काढताना आधी ड्रायव्हर, मग कोअर, नाहीतर 'मॉड्यूल इज इन यूज' येणारच.

दोन्ही एकाच फाइलीत का नाही, हेही विचारतात. कोअरमधला बफरचा आणि इंटरप्टचा कोड आमची सगळी कार्डं वापरतात. तो प्रत्येक ड्रायव्हरमध्ये कोंबला असता तर बग एकदा सापडला तरी दुरुस्ती चार ठिकाणी करावी लागली असती, आणि एकाच मशीनमध्ये दोन वेगळी कार्डं लावली की तोच सिम्बॉल दोनदा एक्स्पोर्ट होतो म्हणून कर्नलने दुसरा ड्रायव्हर घेतलाच नसता. म्हणून वेगळे ठेवलेत आणि तसेच राहतील.

कोअरवर स्वतःचं मॉड्यूल लिहिणाऱ्यांनी बिल्ड करताना केबिल्ड एक्स्ट्रा सिम्बॉल्स या व्हेरिएबलमध्ये आमच्या मॉड्यूल डॉट सिमव्हर्सचा (कोअरने एक्स्पोर्ट केलेल्या सिम्बॉलच्या यादीचा) पूर्ण पाथ द्या. 'अनडिफाइन्ड'ची एरर वॉर्निंगवर उतरवून दामटून बिल्ड केलं तर फाइल तयार होते खरी, पण मॉडव्हर्जन्स (सिम्बॉलचं व्हर्जन तपासायची सोय) चालू असलेला कर्नल ती लोड करताना तक्रार करतो, आणि जुना कर्नल असेल तर नाकारतोच.

कर्नल अपडेट झाला की मॉड्यूल परत बिल्ड करावेच लागतात. ज्यांना ते नको असेल त्यांना आम्ही डीकेएमएसचं पॅकेज देतो, ते अपडेटबरोबर दोन्ही मॉड्यूल आपोआप, बरोबर क्रमाने बिल्ड करतं. सपोर्ट घेतलेल्यांना ते आधीच मिळालेलं आहे, बाकीच्यांनी मागून घ्या. तरीही अडलात तर मेलमध्ये कर्नलचं व्हर्जन, एलएसमॉड (चढलेल्या मॉड्यूलची यादी) आणि पूर्ण डीमेसेज टेक्स्ट म्हणून चिकटवा, स्क्रीनचा फोटो नको, त्यात फंक्शनचं नाव नेमकं कापलेलं असतं.